बाळंतपणाच्या केसेस लढवायच्यात? आधी केसपेपर वाचायला शिका

मिरामार किंवा मडगावच्या लॉ कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं विचारतात, वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेसमध्ये स्कोप आहे का? आहे. पण कोर्टात उभं राहून बोलण्यापेक्षा फायली उपसण्यातच जास्त दिवस जातात. त्याचा कंटाळा येत असेल तर दुसरं काहीतरी बघा.

कायद्याचा पाया तसा आटोपशीर आहे. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. सगळ्यांवर फुकट उपचार करणारी रुग्णालयं बाहेर ठेवली. त्यामुळे अशील 'बांबोळीला', म्हणजे गोव्यातल्या सरकारी रुग्णालयात, 'नेलं होतं' म्हणाला की ग्राहक आयोगात जायचं की दिवाणी दावा लावायचा, हे आधी ठरवावं लागतं. 'डॉक्टरला आत टाका' म्हणणाऱ्यांना २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल समजावून सांगा: फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा लागतो, साधी चूक पुरत नाही. ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षांची. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं. आणि बाळ मान धरत नाही, बसत नाही हे आईबापांच्या ध्यानात येईपर्यंत त्यातलं बरंच सरलेलं असतं.

खरं काम फायलीत. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. बाळाच्या ठोक्यांची सीटीजी पट्टी हातात आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा. तो थर्मल कागद असतो, काही काळाने त्यावरची रेघच पुसट होते. मग पार्टोग्राम (प्रसूती कशी पुढे सरकते त्याचा तक्ता), नर्सच्या नोंदी आणि ऑपरेशनची वेळ एकाच कागदावर ओळीने मांडा. माझ्याकडच्या एका फायलीत पहाटेच्या दोन तासांत ठोक्यांची एकही नोंद नव्हती, आणि त्यानंतरच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या. असं दिसलं की उलटतपासणीचे प्रश्न आपोआप सुचतात.

तरीही निष्काळजीपणा सिद्ध झाला म्हणजे दावा जिंकलात असं नाही; बाळाला इजा त्यामुळेच झाली हेही दाखवावं लागतं. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन बाळाच्या हालचालींवर येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाची, बहुतेक कारणं प्रसूतीच्या वेळेत नसतातच. नाळेतल्या रक्ताचा पीएच (आम्लता), जन्मताच बाळाची स्थिती मोजणारे ॲपगार गुण, पहिल्या दिवसांतले झटके, एमआरआय, हे एकमेकांशी जुळत नसेल तर मी केस घेत नाही. रडणाऱ्या आईला 'नाही' म्हणणं या कामातलं सगळ्यात जड. पण खोट्या आशेवर पाच-सात वर्षं तारखांना फिरवणं त्याहून वाईट.

टक्केवारीवर फी ठरवायची नाही, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. 'जिंकलो की देऊ' म्हणणारे बरेच भेटतील. फी आधी ठरवा, कमी घ्यायची तर कमी घ्या.

तज्ज्ञ मिळणं ही गोव्यातली खास डोकेदुखी. इथले डॉक्टर बहुतेक एकमेकांचे बॅचमेट, नाहीतर सोयरे. चहा पाजतील, फाइल बघून मान हलवतील, पण सही करणार नाहीत. मी बेळगाव, कोल्हापूरकडे वळते. तिथल्या प्रसूतितज्ज्ञाला फाइलबरोबर तो वेळांचा कागद आणि नेमके तीन प्रश्न पाठवा. मोघम 'मत द्या' म्हटलंत तर मोघमच मत येईल, आणि समोरचा वकील त्याच्या चिंध्या करील.