सुतारकामाची पहिली हत्यारं जुनी घ्या

घरी सुतारकाम सुरू करायचं म्हणून पहिल्याच महिन्यात मशीनवर पैसे ओतू नका. एक ड्रिल पुरे. रंधा (लाकूड तासून सपाट करायला) आणि पटाश्या (खाचा पाडायच्या छिन्न्या) जुन्या बाजारात बघा.

वरवरच्या गंजाला घाबरू नका, तो घासला की जातो. रंध्याचं पान (धारेचं पातं) मात्र काढून उलटं करून बघा. धारेजवळ खड्डे पडले असतील किंवा पान झिजून आखूड झालं असेल, तर तो रंधा फुकट मिळाला तरी नको. धार लावायला महागडा दगड लागत नाही. जाड सपाट काचेवर 400, 800 आणि 1500 नंबरचा वॉटर पेपर (ओला चालणारा घासकागद) पाणी मारून चिकटवायचा, आणि पान साधारण 25 अंशात धरून घासायचं. हाताच्या पाठीवरचे केस निघाले की झालं!

काटकोन आखायचा गुण्या घेताना तो दुकानातच तपासा (दुकानदार बघत राहील, बघू दे). फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी मारा. दोन्ही रेघा फाकल्या तर परत ठेवा.

चिकटवलेला सांधा आवळून धरायचे क्लॅम्प मात्र कधीच पुरत नाहीत. कमी पडले तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, फेव्हिकॉल सुकेपर्यंत सांधा हलत नाही.