बडोद्याचे फोटो: पुढे काय घडणार ते आधी ओळखा

बडोद्यात कॅमेरा हातात आला की पावलं आपोआप लक्ष्मीविलासकडे वळतात. राजवाडा देखणाच आहे, पण तो कुठे जाणार नाही. घरातलं चैत्रातलं हळदीकुंकू आणि पोळातला, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतला, शेरी गरबा मात्र वर्षागणिक बदलतोय, म्हणून आधी तिकडे वळा. मी दांडिया बाजारात राहते, लग्नामुंजींचे फोटो काढते. या कामानं मला एक गोष्ट पक्की शिकवली: पुढच्या क्षणी काय घडणार हे ज्याला माहीत असतं, त्यालाच फोटो मिळतो. अंतरपाट खाली येईल तेव्हा कॅमेरा आधीच डोळ्याला लागलेला हवा, आणि त्यासाठी मंगलाष्टकं कुठे संपतात ते कानाला कळायला हवं. हेच बाजारालाही लागू आणि घरालाही.

सुरुवात घरापासून करा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू घ्या. झोपाळ्यातली गौर, कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ, पन्हं, पितळी ताम्हन, चांदीची गुलाबदाणी. फ्लॅश मारलात तर भांड्यांवर पांढरे डाग उमटतात आणि हळदीचा पिवळा मरतो. फ्लॅश बंद ठेवाच, पण ट्यूबलाइटही बंद करा. खिडकीतला उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी हिरवट दिसते, आणि ते नंतर नीट करता येत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पश्चिमेची खिडकी उघडा, गौरीची आरास तिच्या बाजूला मांडता येईल का ते सासूबाईंना आदल्या दिवशीच विचारा, आणि उजेड एकाच अंगानं येऊ द्या.

आता क्रम लक्षात ठेवा: हळद, कुंकू, हातावर अत्तर, गुलाबपाणी, मग ओटी. गुलाबदाणी उचलली जाते तेव्हा समोरची बाई डोळे मिटते आणि थेंब पडताच हसते. अगदी दरवेळी. हळद लावताना सगळे फोटो काढतात, ते हसू कोणी काढत नाही. गुलाबदाणीकडे हात गेला की शटर अर्धं दाबून फोकस चेहऱ्यावर धरा. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि सलग चार-पाच फोटो घ्या. कॅमेऱ्यावर शटर 1/125 सेकंदाच्या खाली नेऊ नका, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला चेहरा परवडत नाही.

रांगोळी किंवा आरास नुसती वरून टिपून थांबू नका. ज्योती भट्ट यांचं काम जरूर बघा. जन्म 1934 चा, मूळचे चित्रकार, आपल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी खेड्यापाड्यांतली भिंतचित्रं आणि रांगोळ्या टिपल्या, आणि त्यांच्या कितीतरी फोटोंत ते घर आणि घरातली माणसंही असतात. म्हणूनच ती रांगोळी कुठल्या उंबऱ्यापुढची, कोणाच्या हातची, हे आज कळतं. तुम्हीही दोन पावलं मागे सरका आणि दार, पायरी, हात, सगळं चौकटीत येऊ द्या.

बाहेर पडलात की मांडवी, जुन्या शहराच्या मधोमधचा मंडप. त्याला चारही बाजूंना कमानी, आणि चार रस्ते चार दरवाजांकडे: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर दरवाजा, दक्षिणेला गेंडीगेट. सकाळी लहेरीपुऱ्याच्या बाजूला उभं राहून पूर्वेकडे बघा. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीला सूर्य जवळपास नेमका पूर्वेला उगवतो, म्हणून हे दिवस धरा. उजेडावर बोट ठेवून एक्सपोजर खाली ओढा, म्हणजे कमानीतून येणारी माणसं काळ्या आकृत्या होतात. रहदारीत पळू नका. एका जागी अर्धा तास उभं राहा, हातगाडी, सायकल, टोपली तुमच्यापुढूनच जाणार आहे. सेवउसळीच्या गाडीवर वेगळा विचार नको. उजेड पातेल्याच्या मागून घ्या, वाफ दिसते. लेन्स मात्र पुसत राहा.

तांबेकर वाड्यात भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते. तो नसेल तर लाकडी खांबाला पाठ टेकवा, श्वास रोखा आणि शटर दाबा. तिथे फ्लॅश नकोच.

गरब्याला मोबाइलचा नाइट मोड बंद करा. तो बऱ्याच चौकटी जोडून एक फोटो बनवतो आणि नाचणारी माणसं धुरकट होतात. त्रण ताळीच्या, म्हणजे तीन टाळ्यांच्या, गरब्यात टाळीला अंग वाकतं आणि निमिषभर थांबतं. दोन फेऱ्या नुसत्या बघा, ताल अंगात भिनू द्या, मग टाळीवर दाबा. कॅमेरा असेल तर 1/250. घागऱ्याचा घेर फिरताना दाखवायचा असेल तर 1/15 ठेवून एकाच मुलीबरोबर कॅमेरा फिरवा. मैदानातल्या हजारोंच्या गरब्यापेक्षा मला शेरी गरबा जास्त भावतो: ओट्यावर उभं राहिलं की पूर्ण फेर दिसतो आणि मध्ये ठेवलेला गरबोही, म्हणजे दिवा लावलेला भोकांचा मातीचा घट.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, आकाश इतकं उजळ असतं की चेहरे काळे पडतात, एक्सपोजर +1 करा. कॅमेरा डोळ्याला लावून अगाशीवर (गच्चीवर) मागे मागे सरकू नका. माझं मन खरं रमतं ते आधीच्या आठवड्यात, रस्त्याकडेला मांजा रंगवतात तिथे. गुलाबी झालेले हात, ताणलेले दोरे, फिरकी.

तिथे जाल तेव्हा आधी बोला. "काका, एक फोटो पाडी लउं?" एवढं गुजरातीत म्हटलं की बहुतेक जण मान डोलावतात. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. मुलांचा फोटो आईला विचारून. काढलेला फोटो तिथल्या तिथे दाखवा, आणि चार बाय सहाचा प्रिंट पुढच्या खेपेला नेऊन द्या. मग दुकानाच्या आतही बोलावतात.

घरी आल्यावर त्याच रात्री फाइलला नाव द्या: तारीख, गल्ली, काम, डावीकडून उजवीकडे कोण आणि त्यांनी नाव लिहायला हो म्हटलंय का. हळदीकुंकवाच्या फोटोत आजींना शेजारी बसवून विचारा; त्या प्रत्येकीचं माहेरही सांगतील, तेही लिहून घ्या. मग एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी दुसऱ्या घरी.