कोलायटिस असताना ताट कसं वाढावं, घाम कसा गाळावा

सांगलीत एखाद्याला कोलायटिस किंवा क्रोन्सचं, म्हणजे आतडं सुजून जखमा होणाऱ्या आजाराचं, निदान झालं की त्याच्या ताटातले पदार्थ कमी व्हायला लागतात. शेजारच्या काकू म्हणतात दही सोडा, मावसभाऊ म्हणतो गहू सोड, जिममधला मित्र दुधावर फुली मारतो, आणि कोणीतरी कांदा-लसूणही काढून टाकतं. प्रत्येकाचं ऐकत गेलं की दोन-तीन महिन्यांत माणूस मऊभात आणि पातळ वरणावर येतो. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागतो आणि जिना चढताना मांड्या भरून येतात. मला स्वतःला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, आणि माझं मत असं की या आजारात बंद पदार्थांची यादी जेवढी लहान ठेवता येईल तेवढी ठेवावी. सोडलेलं खाणं परत कसं सुरू करायचं, हे शिकणं जास्त महत्त्वाचं आहे. पुढचं सगळं मोठ्या माणसांसाठी आहे. वाढीच्या वयातली मुलं आणि गरोदर बायका यांचं गणित वेगळं असतं, ते त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

पायरी १: आजाराचं नाव पक्कं करा

‘पोटाचा आजार आहे’ एवढ्यावर आहार ठरत नाही. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) पोट दुखतं, जुलाब होतात, पण आतड्याला जखमा नसतात. आयबीडीत (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) आतडं सुजतं, त्याला जखमा होतात. आयबीडीतला अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो आणि गुदद्वाराकडून वर पसरतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि त्यात आतडं मध्येच अरुंद होण्याची शक्यता जास्त असते. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, आतड्याचा टीबी. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे तो बहुधा बसतो आणि हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. टीबी असताना सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू झालं तर तो बळावतो. म्हणून कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं बघणं) आणि बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) यांचे रिपोर्ट फाइलमध्ये हवेतच.

डॉक्टरांना एक प्रश्न आवर्जून विचारा: माझं आतडं कुठे अरुंद झालंय का? चोथ्याच्या पदार्थांबद्दल पुढे जे सांगितलंय ते सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

पायरी २: आतडं आज कसं आहे ते तपासा

बरं वाटणं आणि सूज उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शौचाच्या नमुन्यावरून होणारी कॅलप्रोटेक्टिन तपासणी आणि रक्तातलं सीआरपी यावरून सुजेचा अंदाज येतो. त्याबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठवलेलं लोह), बी१२, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बघून घ्यावं. बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं, त्यामुळे तिथे क्रोन्स असेल किंवा तो भाग काढलेला असेल तर ते कमी पडण्याची शक्यता जास्त असते. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि बायकांत १२ च्या खाली असेल तर आधी हिमोग्लोबिन भरून काढा, धावायचं नंतर बघू. अशा वेळी लागणारी धाप स्टॅमिना कमी असल्याची नसते, बहुधा लोह कमी असल्याची असते. लोहाच्या गोळ्या पोटाला झेपत नसतील तर शिरेतून लोह देता येतं, तसं विचारा.

पायरी ३: उद्दिष्ट आजाराच्या स्थितीप्रमाणे बदला

त्रास उसळलेला असताना एकच उद्दिष्ट ठेवा: वजन घसरू द्यायचं नाही. सहा महिन्यांत न ठरवता ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. स्टेरॉइड चालू असताना उलटं होतं. भूक खवळते, चेहरा सुजतो, काटा वर जातो. तेव्हा घाबरून उपाशी राहणारे पुष्कळ आहेत. पण ते वाढलेलं वजन पाण्याचं आणि चरबीचं असतं, स्नायू त्याच वेळी आतून झिजत असतात. उपाशी राहिलं की ते आणखी झिजतात. चरबी कमी करायचा विचार स्टेरॉइड सुटल्यावर, आजार काही महिने शांत राहिल्यावरच करावा. तोही आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त नाही, आणि प्रथिनांना हात न लावता.

पायरी ४: त्रासाच्या दिवसांतलं ताट

आपल्या घरांत खरी अडचण कांदा-लसूण मसाल्याची आहे. तो आमटीत असतो, भाजीत असतो, रश्शात तर असतोच. त्यावर वेगळा स्वयंपाक हा उपाय नव्हे, तो चार दिवस टिकतो आणि नंतर घरचे कंटाळतात. कुकर उघडला की फोडणी पडायच्या आधी दोन वाट्या शिजलेली डाळ बाजूला काढावी. ती रवीने चांगली घोटावी आणि मीठ, चिमूटभर हळद, चमचाभर तुपात हिंग-जिरं घालून घ्यावी. उरलेल्या डाळीची घरच्यांची झणझणीत आमटी होते. भाजीलाही हीच युक्ती: साल काढलेला दुधी, लाल भोपळा, बटाटा, गाजर मऊ शिजवून मसाल्याआधीच वेगळं काढायचं. यासोबत उकडलेलं अंडं, मऊ शिजवलेलं चिकन किंवा मासा, किंवा पनीर. दोन वेळा पोटभर खाण्याऐवजी दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं.

या दिवसांत प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. ‘पोट बिघडलंय तर लंघन करा’ हा सल्ला साध्या अपचनापुरता ठीक आहे, इथे नाही.

जुलाब असतील तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. ग्लासात अर्धं पाकीट टाकून वर ढवळणारे लोक मी पाहिलेत, ते चूक आहे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उसाचा रस मात्र नको. एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते, शिवाय गाड्यावरच्या बर्फाचं पाणी कुठलं ते कोण बघतं?

पायरी ५: एकेक पदार्थ परत आणा

आजार शांत झाला, औषध बसलं, की बंद यादी उघडायची. एका वेळी एकच पदार्थ, थोडाच, आणि तीन दिवस बघायचं. सुरुवात ज्वारीच्या भाकरीने करा. पीठ ताजं दळलेलं, बारीक चाळणीने चाळलेलं. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी त्या घोटलेल्या वरणात कुस्करून, अगदी भिजवून खायची. तीन दिवस ठीक गेले की कोंडा न काढता. मग पपई, चपाती, पालेभाजी, या क्रमाने पुढे.

एक वही ठेवा. त्यात काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, रक्त दिसलं का, रात्री उठावं लागलं का, झोप कशी झाली हे लिहायचं, आणि गोळ्या घेतल्या का याचा एक रकाना हवाच. दह्याने वाढलं असं घरभर जाहीर होतं आणि वही उघडली की त्याच आठवड्यात गोळ्या संपल्या होत्या असं निघतं.

दुधाबद्दल शंका असेल तर दोन आठवडे पूर्ण बंद ठेवून पुन्हा घेऊन बघा. दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही-ताक सोसतं, आणि स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होत असताना कॅल्शियम उगाच सोडून चालत नाही. आजार शांत असूनही पोट फुगत राहिलं तर कांदा, लसूण, गहू चार ते सहा आठवडे कमी करून बघता येतं, पण आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. त्याने फुगणं कमी होतं, आतड्याची सूज नव्हे. म्हणून ते कायमचं पथ्य करू नका.

इस्लामपूरचा अख्खा मसूर कोणाला आवडत नाही? पण सालीसकट मसूर, वर कांदा-लसूण आणि तुपाचा तवंग, हे धाब्यावर बसून पहिल्यांदा तपासायचं नाही. घरी रात्रभर भिजवलेला, पूर्ण गळलेला, पाव वाटी. मटणाच्या रश्शाची वरची तर्री बाजूला सारा. भडंग आजार शांत असताना मूठभर, तेही तिखट बेताचं असेल तर.

आतडं अरुंद झालेलं असेल तर ही पायरी तुमच्यासाठी वेगळी आहे. हुरडा, मक्याचं कणीस, अख्खे शेंगदाणे, ओलं खोबरं, संत्र्याच्या फोडीवरची सालं, तासगावचा बेदाणा, इसबगोल, हे सगळं अडकू शकतं. तिथे डॉक्टर म्हणतील तेवढंच, आणि बहुधा शिजवून, गाळून.

हळदीवर बोलल्याशिवाय सांगलीत आहाराचं बोलणं पुरं होत नाही. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान असावाच. कोलायटिसमध्ये मेसालामीन या नेहमीच्या औषधाच्या जोडीला कर्क्युमिन दिल्यावर काही अभ्यासांत फायदा दिसलाय. पण ते हळदीतून काढलेलं, मोजून दिलेलं सत्त्व होतं, दुधातली चमचाभर हळद नव्हे. गोळ्या सोडून हळदीचं दूध, असा सौदा करू नका. मिरीचा अर्क घातलेल्या जास्त ताकदीच्या कर्क्युमिन कॅप्सूलने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

पायरी ६: प्रथिनांचा हिशेब, मग डबा

आजार शांत असताना किलोमागे १ ग्रॅम प्रथिनं पुरतात, वजनं उचलत असाल तर थोडी जास्त. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, म्हशीच्या पेलाभर दुधात ९, तीस ग्रॅम कोरड्या डाळीत ७. दोन अंडी, दोन वेळचं घट्ट वरण, दही आणि थोडं पनीर किंवा चिकन यात ६० किलोच्या माणसाचं भागतं. तालमीतला खुराक, म्हणजे बदामाची थंडाई, लिटरभर दूध आणि तुपाचा गोळा, तुमच्या आतड्यासाठी बनलेला नाही.

पावडर घ्यायचीच असेल तर डब्याच्या मागचं वाचा. व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन; त्याच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, आयसोलेटमध्ये फारच कमी. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, इन्युलिन हे पोट फुगवणारे घटक दिसले तर डबा परत ठेवा. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींत कॅफिन भरपूर असतं, त्याने आतडं पळतं.

पायरी ७: व्यायाम, आणि तोही टप्प्याने

ताप किंवा रक्त असताना वजनं नाहीत. घरात दहा मिनिटं चालणं आणि अंग मोकळं करणं एवढंच. त्रास उतरला की आमराईत किंवा कृष्णेच्या घाटाकडे चालायला जा, शेजारच्याशी बोलता येईल अशा वेगाने. निघण्याआधी वाटेवर स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा. यात लाज कसली? ते माहीत असलं की पाय निर्धास्त पडतात. आठवड्याला १५० मिनिटं चालणं सहज जमायला लागलं की वजनांकडे वळा.

जिममध्ये परत जाताना जुन्या वजनाच्या निम्म्यापासून, आठवड्यातून दोन दिवस. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा, वजन किंवा सेट. स्टेरॉइड घेतलेल्यांना हाडांसाठी हा व्यायाम चालण्याइतकाच गरजेचा आहे. ऑपरेशन झालंय किंवा पोटावर स्टोमाची (शौच बाहेर काढायला पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी आहे, त्यांनी श्वास रोखून जोर लावायचा नाही, हर्निया होऊ शकतो. किती उचलायचं ते सर्जननाच विचारा. ‘सर, मला आतड्याचा आजार आहे, मी मधूनच बाहेर जाईन’ असं ट्रेनरला पहिल्याच दिवशी सांगून टाका.

माझा नियम साधा आहे: नेहमीपेक्षा दोन वेळा जास्त जावं लागलं किंवा रक्त दिसलं, की व्यायाम एक टप्पा खाली.

धावण्याने आतडं हलतं, म्हणून धावण्याआधी दोन-तीन तास जड खाणं आणि कॉफी नको. दंडोबाच्या डोंगरावर चढायचं असेल किंवा साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन मनात असेल, तर ते जरूर मनात धरा, फक्त आजार शांत होऊन बरेच महिने गेलेले असू द्या. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांची त्वचा उन्हाला लवकर बाधते. टोपी, लांब बाह्या आणि सनस्क्रीन वापरा, आणि उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत या.

अंग दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा मेडिकलवाल्याने दिलेली ‘कॉम्बी’ गोळी घेऊ नका. या गोळ्यांनी आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

पायरी ८: घराबाहेर आणि पावसाळ्यात

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर कच्चं दूध, कच्चे मोड आणि पाणीपुरी टाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर इथे पाण्याची काय अवस्था असते हे कोणाला सांगायला नको; जुलै ते सप्टेंबर पाणी उकळूनच प्या. साध्या जंतुसंसर्गानेही शांत आजार जागा होतो. नवरात्राचा उपवास करायचाच असेल तर शेंगदाण्याचं कूट घातलेल्या साबुदाण्यापेक्षा वरीचा मऊ भात आणि ताक बरं, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत.

कधी वाट बघत बसायचं नाही

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्तासह शौचाला होत असेल आणि जोडीला ताप असेल किंवा बसल्या जागी नाडी ९० च्या वर असेल. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वारंही सरत नसेल. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल. यांपैकी एकही असेल, तर सकाळची वाट बघू नका. सांगली किंवा मिरजेतल्या, जे जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात जा, आणि निघताना गोळ्यांची यादी, शेवटचे रिपोर्ट आणि ती वही पिशवीत टाका.