कागदावरचं चिलखत अंगाला बसावं म्हणून

मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी, म्हणजे कॉमिक्स-सिनेमातल्या पात्रांचे पोशाख घालून लोक जिथे येतात त्या मेळाव्यासाठी, पहिल्यांदा फोमचं चिलखत करायला घेतलं, तेव्हा कापणं आणि चिकटवणं अवघड जाईल असं वाटलं होतं. खरा वेळ गेला तो साच्याचं, म्हणजे तुकडे कापायच्या रेघांच्या नकाशाचं, माप जुळवण्यात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तिथे अडकू नये, म्हणून हे लिहितेय.

मला मिळालेला साचा सहा फुटी पुरुषाच्या मापाचा होता. माझी उंची पाच फूट दोन इंच. साच्यात छातीचं पान, म्हणजे पुढचा मोठा तुकडा, 48 सेंमी रुंद, मला हवं होतं 42. बेचाळीसला अठ्ठेचाळीसने भागलं की 87.5 टक्के येतात. गिंप या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल इमेज’ला जाऊन एकक टक्के करायचं आणि हा आकडा टाकायचा. रुंदी-उंचीच्या चौकटींमधलं साखळीचं चिन्ह मात्र जोडलेलंच ठेवा, म्हणजे दोन्ही एकाच प्रमाणात बदलतात. रेझोल्यूशन इंचाला 150 ठिपके असलं तरी कापायच्या रेघांना पुरतं.

त्या साखळीचं महत्त्व मला उशिरा कळलं. पान उंचीला कमी पडतंय म्हणून मी नुसती उंची ताणली. पडद्यावर छान दिसलं, पण जोडायला घेतल्यावर बगलेची शिवण जुळेना. एका तुकड्याची कड उभी होती, ती लांबली. तिला जुळणारी दुसऱ्या तुकड्याची कड तिरकी, ती तेवढी लांबली नाही. तेव्हापासून मी सगळे तुकडे एकाच टक्क्याने लहान करते आणि उंची हवी असेल तर कंबरेच्या रेषेवर साचा आडवा कापून मध्ये पट्टी घालते. माझ्या पानाची उंची 50 वरून 43.75 झाली होती, हवी होती 46. म्हणजे सव्वादोन सेंमीची पट्टी. पाठीच्या पानालाही त्याच रेषेवर तेवढीच.

छापण्याआधी प्रत्येक छापील कागदाच्या कोपऱ्यात 10 सेंमीचा चौकोन काढा. प्रिंट हातात आली की आधी तो पट्टीने मोजा. माझा एकदा 9.6 भरला, कारण दुकानात छपाईच्या सेटिंगमध्ये कागदात मावेल असं लहान करणारं ‘फिट’ तसंच राहिलं होतं. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण 42 सेंमीचं पान 40.3 वर येतं आणि श्वास घेतला की रुततं. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ स्वतः बघून घ्या. मोठे तुकडे ए-फोरवर मावत नाहीत. पीडीएफ करून अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या ‘पोस्टर’मधून 100 टक्क्यांवर, एक सेंमी ओव्हरलॅप ठेवून छापता येतात. घराचे नकाशे छापणारं प्लॉटरचं दुकान जवळ असेल तर सरळ तिथे जा, चिकटवाचिकटवी वाचते.

फोमची जाडीही हिशोबात धरा. कागद मनगटाभोवती नीट बसला, तरी 10 मिमीचा फोम त्याच मापाने कापला तर दोन कडा भेटतच नाहीत. वाकवल्यावर फोम आतून दबतो, बाहेरून ताणतो. माप धरायचं ते मधल्या थराचं. पूर्ण वेढा असेल तर तुकड्याची लांबी जाडीच्या साधारण 3.14 पट एवढी वाढवा: 10 मिमीला 3.1 सेंमी, 6 मिमीला 1.9.

फोमला कटर लावण्याआधी खोक्याच्या पुठ्ठ्याचं एक चिलखत करा. चिकटपट्टीने जोडा, अंगावर चढवा, हात वर करा, खुर्चीत बसा. काखेत टोचेल तिथे पेनने नवं वळण काढा आणि तोच पुठ्ठा साचा म्हणून फोमवर ठेवा.