तुरुंगातून तक्रार करताय? या चुका टाळा

तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात मी बंद्यांचे अर्ज लिहून देतो. नवा स्वयंसेवक आला की पहिल्याच आठवड्यात हमखास एक चूक करतो: एका अर्जात सगळी गाऱ्हाणी.

एकाचा चार पानी अर्ज अजून आठवतो. सुरुवातीला फर्लो, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्याला मिळणारी संचित रजा, रखडल्याचं, मग मुलाकातीचं, आणि तिसऱ्या पानावर कुठेतरी 'डाव्या कानातून पू येतो'. कारकुनाने वरच्या चार ओळी वाचल्या, कोपऱ्यात 'फर्लो' असा शेरा मारला आणि कागद त्या टेबलावर गेला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, संचित रजेचं प्रकरण पोलीस अहवालासाठी प्रलंबित आहे. कानाबद्दल अवाक्षर नाही. कारकुनाला काय बोलणार, अर्ज आमच्याच माणसाने लिहिला होता. मग कानाचा वेगळा अर्ज केला, सहा ओळींचा: दुखणं कधीपासून, तुरुंगातल्या डॉक्टरांना कोणत्या तारखांना दाखवलं, आता काय हवं. चौथ्या दिवशी त्याला सरकारी रुग्णालयात नेलं.

'मानवी हक्कांची घोर पायमल्ली' असलं काही लिहू नका. वाचणाऱ्याला तारीख, वेळ, बराक आणि बंदी क्रमांक हवा असतो.

उतावळ्यांना थेट हायकोर्टाला पत्र टाकायचं असतं. दाखला सुनील बत्रा या बंद्याचा. त्यांनी तिहारमधून लिहिलेलं पत्र सुप्रीम कोर्टाने याचिका मानलं आणि १९७९ च्या निकालात तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवायला सांगितलं, हे खरं. पण पत्र कशाबद्दल होतं? वॉर्डरने दुसऱ्या एका बंद्याच्या केलेल्या छळाबद्दल. जेवणात मीठ कमी पडल्याबद्दल नव्हे. मारहाण असेल तर मीही पेटीची वाट बघत नाही. कोर्टातल्या पुढच्या पेशीलाच, व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) असली तरी, न्यायाधीशांना सांगायचं, जखम दाखवायची आणि कोर्टाच्या रोजनाम्यात नोंद झाली का ते वकिलाने बघायचं.

बराकीतल्या 'लिहिणाऱ्या'ला पैसे देऊ नका. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उत्पन्न न बघता मोफत मिळतो. नातेवाइकांनो, राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जा.

आणि नक्कल. कार्बन घालून लिहायचं, जावक क्रमांक नकलेवर टाकून घ्यायचा, तोच मुलाकातीत घरच्यांना सांगायचा. क्रमांक मागितला की कारकून वैतागतो. वैतागू दे, तो मिळेपर्यंत मी टेबलासमोरून हलत नाही.