सेसना १७२ मध्ये ट्रिम कसं लावावं

उतरल्यावर डावं मनगट दुखत असेल, तर विमानाला नावं ठेवू नका. बहुतेक वेळा ट्रिम (हातावरचा सततचा जोर काढून घेणारी जुळणी) लावायचं राहून गेलेलं असतं आणि आपण तासभर योकशी, म्हणजे विमानाच्या सुकाणूशी, कुस्ती खेळलेलो असतो.

आधी यंत्र समजून घ्या. शेपटीवर नाक वर-खाली करणारा हलता भाग असतो, त्याला एलिव्हेटर म्हणतात. उजव्या एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी बिजागरीची पट्टी असते. थ्रॉटलच्या (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या मुठीच्या) खालचं उभं चाक फिरवलं की ती हलते. पट्टी खाली झुकली की वारा तिला वर ढकलतो, तिच्याबरोबर एलिव्हेटर वर जातो, शेपूट दबते आणि नाक उचललं जातं. तुमच्या हाताचं काम वारा करतो, एवढंच. चाक वर फिरवलं तर नाक खाली, खाली फिरवलं तर नाक वर. सुरुवातीला हे हमखास उलटं होतं.

१. उड्डाणापूर्वी चाकाशेजारचा काटा टेक-ऑफच्या खुणेवर आणा. आधीच्या लँडिंगचं ट्रिम तसंच राहिलं असेल, तर धावपट्टी सोडताना नाक नको तितकं उसळतं, तेही वेग सगळ्यात कमी असताना.

२. चढताना पूर्ण थ्रॉटल ठेवून नाक अशा कोनात धरा की वेग ७४ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास स्थिरावेल (हा आकडा १७२एस या आवृत्तीचा, समुद्रसपाटीजवळचा). वेग स्थिर झाला की मगच चाकाला हात लावा.

३. खरी गडबड होते ती सपाट उड्डाणात येताना. समजा ३,५०० फुटांवर थांबायचंय. नाक खाली आणून क्षितिजाशी जुळवा, पण थ्रॉटल लगेच ओढू नका; वेग वाढू द्या. मग थ्रॉटल कमी करा आणि थांबा. हे थांबणं कुणालाच जमत नाही! वेग वाढत असतानाच ट्रिम लावलं, तर अर्ध्या मिनिटात नाक पुन्हा वर येतं, पुन्हा चाक, पुन्हा नाक. तोवर योकवरचा जोर हातानेच धरून ठेवा. वेगाचा काटा ठरला की ज्या बाजूला जोर लावावा लागतोय, त्याच बाजूला ट्रिम द्या: योक ओढून धरला असेल तर नाक वर, ढकलून धरला असेल तर नाक खाली. मूठ हळूहळू सैल करून दोन बोटांवर या. नाक हललं, तर आधी योकने जागेवर आणा, मग चाक केसभर फिरवा. चाकाने विमान उडवायचं नसतं.

ट्रिम उंची धरत नाही, वेग धरतं. म्हणून थ्रॉटल बदललं की विमान साधारण तोच वेग राखायला बघतं आणि चढू किंवा उतरू लागतं.

४. छोट्या वळणात ट्रिमला हात लावू नका, सरळ झाल्यावर ते काढत बसावं लागतं. बारामतीसारख्या ठिकाणी उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून गचके बसतात, तेव्हाही चाकाचा पाठलाग नको. सरासरी ठीक आहे ना, बस्स.

५. उतरताना फ्लॅपच्या (पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्यांच्या) प्रत्येक टप्प्यानंतर हेच: नाक, वेग, मग ट्रिम. फ्लॅप पूर्ण असताना साधारण ६० ते ७० नॉट. लँडिंग सोडून पुन्हा वर जायचं ठरलं, तर सावध राहा. नाक वरच्या बाजूने ट्रिम केलेलं असतं आणि पूर्ण थ्रॉटल दिल्याबरोबर ते जोरात उठतं. योक ठामपणे पुढे दाबून धरा, ट्रिम त्यानंतर.

विद्युत ट्रिम असेल आणि ते आपोआप पळू लागलं, तर आधी योक घट्ट धरा, योकवरचं लाल बटण दाबून ठेवा आणि ट्रिमचा ब्रेकर (त्याची वीज तोडणारं बटण) ओढा. तो ब्रेकर पॅनलवर कुठे आहे, हे जमिनीवर असतानाच बोट लावून बघून ठेवा.

धावपट्टी सोडून टॅक्सीवेवर आलात की फ्लॅप वर घ्या आणि चाक परत टेक-ऑफच्या खुणेवर आणा. पुढचा वैमानिक घाईत असू शकतो.