रॉकेट आणि लघुग्रह मोहिमा फॉलो करायच्या कशा? नवीन लोकांसाठी

लाँच बघायला सगळेच असतात, चंद्रयान-3 च्या वेळी तर घरोघरी टीव्ही लागले होते. पण ह्याची खरी गोडी लागायची तर उड्डाणाच्या आधीपासून लक्ष ठेवायला लागतं आणि नंतर वर्षानुवर्षं पिच्छा सोडायचा नाही. सुरुवात कुठून करू असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे टेस्टिंग बघा. शिकायला सगळ्यात सोपं स्टारशिप, म्हणजे अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीचं भलंमोठं रॉकेट, कारण टेक्सासमधे बोका चिकाला सगळं उघड्यावर चालतं आणि हौशी लोकांचे कॅमेरे चोवीस तास लाइव्ह असतात. तिथला हायवे आणि बीच बंद ठेवायची नोटीस निघाली की समजायचं काहीतरी टेस्ट आहे. मग रॉकेटच्या इंधनाच्या टाकीकडे बघत बसायचं. आत उणे 183 डिग्रीहूनही गार लिक्विड ऑक्सिजन भरायला लागले की हवेतलं बाष्प बाहेरच्या स्टीलवर गोठतं आणि एक पांढरा पट्टा हळूहळू वर चढताना दिसतो, टाकी कुठपर्यंत भरली ते त्या पट्ट्यावरून नुसत्या डोळ्यांनी कळतं. मधेच पट्टा थांबला किंवा वाफेचे लोट सुटून तो उतरायला लागला तर त्या दिवशीची टेस्ट बहुतेक गेली. सगळं नीट चाललं तर खालून पाण्याचे फवारे उडतात, पाठोपाठ इंजिनं पेटतात आणि काही सेकंदात बंद, ह्याला स्टॅटिक फायर म्हणतात, रॉकेट जागेवर घट्ट धरून ठेवलेलं असतं. ते पाण्याचं प्रकरण आलं कुठून तर 20 एप्रिल 2023 च्या पहिल्या उड्डाणात खालचं काँक्रीट फुटून तुकडे लांबवर उडाले होते म्हणून. असं आधीचं माहीत असलं की प्रत्येक टेस्ट वेगळी दिसते.

आपल्याकडे इंजिनांच्या टेस्ट तमिळनाडूत महेंद्रगिरीला होतात, त्या अशा दिवसभर लाइव्ह दिसत नाहीत, पण इस्रोच्या साइटवर अपडेट येतं ते वाचत जा. (इस्रोच्या रॉकेटमधलं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजमधे बनतं आणि मोठ्या बूस्टरची केसिंग वालचंदनगरला, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं ह्याचं मला फार वाईट वाटतं.)

लाँचची चाहूल लागते ती नोटॅमवरून, म्हणजे विमानांना अमुक वेळेत अमुक पट्ट्यात जाऊ नका अशी सूचना. तो पट्टा नकाशावर काढून बघाच. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे जात असेल तर बहुधा ध्रुवीय कक्षेचं (दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या) पीएसएलव्ही, म्हणजे इस्रोचं नेहमीचं रॉकेट, आणि ते सरळ दक्षिणेला जात नाही, श्रीलंकेवरून जायचं नाही म्हणून आधी आग्नेयेला जाऊन मग वळतं.

लाइव्ह बघताना नुसत्या ज्वाळा बघू नका, स्क्रीनवरचा ग्राफ बघा. ठरलेली रेघ आधीच काढलेली असते आणि रॉकेट तिच्यावरून चाललंय की नाही ते दिसत राहतं. कुठली स्टेज (रॉकेटचा टप्पा) कधी पेटणार हे आधी कागदावर लिहून घ्या. एलव्हीएम-3 ह्या इस्रोच्या सगळ्यात मोठ्या रॉकेटची मधली लिक्विड स्टेज जमिनीवर पेटतच नाही, ती पावणेदोन-दोन मिनिटांनी हवेत पेटते, हे माहीत नसलं तर तो क्षण हातचा जातो. आणि शेवटपर्यंत बसा. 18 मे 2025 ला पीएसएलव्ही-सी61 च्या पहिल्या दोन स्टेज व्यवस्थित झाल्या आणि तिसरीत चेंबर प्रेशर (इंजिनाच्या आतला दाब) पडून मिशन गेलं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर लाँच व्ह्यू गॅलरीचं बुकिंग ऑनलाइन असतं, पटकन भरतं, रेल्वे स्टेशन सुल्लुरुपेटा. तिथे पहिल्या वेळी मोबाइल खिशातच ठेवा. आधी उजेड दिसतो, आवाज किलोमीटरला 3 सेकंद ह्या हिशोबाने मागून येतो आणि छातीत बसतो.

आता लघुग्रह. इथे सवय लावायची ती वेळ बदलून घ्यायची, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तिच्यात साडेपाच तास मिळवा आणि तारीख पण तपासा. नासाचं डार्ट यान डिमॉर्फसवर (एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणारा छोटा लघुग्रह) त्याचा मार्ग बदलतो का बघायला मुद्दाम आदळवलं, त्याची तारीख सगळीकडे 26 सप्टेंबर 2022 लिहिलेली, आपल्याकडे मात्र 27 ची पहाट होती, 4 वाजून 44 मिनिटं. सेकंदाला एक फोटो येत होता, आधी नुसता ठिपका, मग दगडांचा ढीग, मग एकेक दगड वेगळा दिसायला लागला आणि शेवटच्या फोटोची वरची एक पट्टी तेवढी पोचली. मी तेव्हा जागा होतो, अजून अंगावर काटा येतो. पण धडक झाली म्हणून विषय संपला नाही, दुर्बिणींनी मोजून डिमॉर्फसच्या प्रदक्षिणेचा वेळ 11 तास 55 मिनिटांवरून 11 तास 23 मिनिटांवर आल्याचं कळायला पुढे दोन आठवडे गेले. त्याच जागी आता युरोपचं हेरा यान निघालंय, 2026 अखेर पोचायचंय.

म्हणून म्हणतो, एकच मोहीम धरा आणि तिच्या मागे लागा. जपानच्या हायाबुसा-2 ने 2020 मधे र्युगू लघुग्रहावरची 5.4 ग्रॅम माती आणली, नासाच्या ओसायरिस-रेक्सने 2023 मधे बेनू लघुग्रहावरची 121.6 ग्रॅम, आणि दोन्ही यानं तेवढ्यावर न थांबता पुढच्या लघुग्रहांकडे निघाली. ओसायरिसचं यान आता अपोफिस लघुग्रहाकडे चाललंय. हा अपोफिस 13 एप्रिल 2029 ला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण 32,000 किलोमीटरवरून जाणार, आपल्या टीव्हीच्या सॅटेलाइटपेक्षा जवळून. कॅलेंडरमधे टाकताना 14 ची पहाट टाका, सव्वातीनच्या सुमारास.